बाण लागल्यावर: जखमी हरणाचा माग कसा काढायचा

बाणाने हरीण सहसा जागच्या जागी कोसळत नाही. मणक्याला लागला तरच कोसळतं. ब्रॉडहेडची, म्हणजे शिकारीच्या बाणाच्या धारदार टोकाची, पाती फक्त कापतात, आणि हरीण मरतं ते रक्त वाहून किंवा फुप्फुसं बसून. त्यामुळे छातीत नेमका लागलेला बाणही हरणाला शंभर-सव्वाशे यार्ड पळू देतो. तोच चार बोटं मागे किंवा वर लागला, तर शोध तासांवर आणि मैलांवर जातो. मेरीलँडमधल्या इंडियन हेड या नौदलाच्या तळावर १९८९ ते २००६ या हंगामांतल्या नोंदी आहेत. तिथे बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हाती लागली नाहीत, आणि तिथले शिकारी कंपाउंड बो (चाकं लावलेलं आधुनिक धनुष्य) किंवा क्रॉसबो (बंदुकीसारखं धरायचं आडवं धनुष्य) वापरणारे होते.

नवशिक्याचं हरीण हरवतं ते बहुतेकदा घाईने. बाण लागून पंधरा मिनिटं होत नाहीत तोच तो झाडावरच्या मचाणावरून, म्हणजे ट्री स्टँडवरून, खाली उतरतो, रक्त बघतो आणि चालू लागतो. पन्नास यार्डांवर झुडपात बसून मरत असलेलं हरीण उठतं, उरलंसुरलं बळ एकवटून अर्धा मैल जातं आणि यावेळी रक्त सांडत नाही. खाली जे सांगितलं आहे त्यातलं निम्मं, ही घाई कशी टाळायची याबद्दलच आहे.

हे सगळं अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल, म्हणजे व्हाइटटेलबद्दल आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने हरणांची शिकार बंद आहे, तिथे यातलं काहीही लागू नाही. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायोत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी काही जण बोहंटिंगचा, म्हणजे धनुष्याने शिकारीचा, कोर्स करून परवाना काढतात. व्हिसावरच्या माणसाला बंदुकीचे जे केंद्रीय नियम आडवे येतात ते धनुष्याला लागत नाहीत, म्हणूनही काहींना धनुष्य सोयीचं वाटतं. पण नियम प्रत्येक राज्याचे वेगळे असतात. हंगामाची पुस्तिका दर वर्षी नव्याने वाचा.

बाण सोडण्याआधी

जखमी हरीण शोधायची वेळच कमी यावी, याची तयारी आधी. हरीण आडवं उभं असेल किंवा थोडं पाठमोरं तिरकं असेल, तरच बाण सोडा. समोरून तोंड करून उभं किंवा तुमच्याकडे तिरकं येणारं हरीण नवशिक्याने जाऊ द्यावं, कारण पुढच्या फऱ्याचं हाड आणि कोठा दोन्ही वाटेत येतात. ट्री स्टँडच्या अगदी पायथ्याशी आलेलं हरीणही फसवं. वरून सरळ खाली सोडलेला बाण एकच फुप्फुस भेदतो आणि एका फुप्फुसावर हरीण कित्येक तास चालतं.

अंतर २० ते २५ यार्डांच्या आत ठेवा. बाणाचा वेग सेकंदाला २८० फूट धरला तर ३० यार्डांना त्याला जवळपास एक तृतीयांश सेकंद लागतो. प्रत्यंचेचा आवाज त्याच्या चौपट वेगाने पोहोचतो. म्हणजे सावध हरणाच्या हाती पाव सेकंद राहतो. तेवढ्यात ते पळण्यासाठी पाय दुमडून खाली दबतं आणि छातीवर धरलेला बाण पाठीत जातो. ताठ मानेने तुमच्याकडे बघणाऱ्या हरणावर बाण सोडायचा नाही तो एवढ्यासाठी.

पात्यांची धार बघण्यासाठी रबरबँड दोन बोटांत थोडा ताणून पात्यावर हलका टेकवा. टेकल्या टेकल्या तुटला पाहिजे. दाबावा लागला तर ते पातं बदला. बोथट पातं रक्तवाहिनी कापण्याऐवजी बाजूला सारतं.

सुटल्यानंतरची पहिली तीस मिनिटं

लगेच दुसरा बाण चढवा. हरीण टप्प्यात थांबलं आणि संधी स्वच्छ असली, तर दुसरा सोडायला कचरू नका. ते निघून गेलं की डोळ्यांनी त्याला शेवटपर्यंत धरून ठेवा आणि दिसेनासं झालं की कान टवकारा. पडण्याचा धप्प आवाज, फांद्यांची मोडतोड, पाण्यातली खळबळ, यातलं काहीही कोणत्या दिशेने आलं ते लक्षात ठेवा.

मग हलायचं नाही. जागेवरूनच तीन गोष्टी करा. घड्याळात वेळ बघून लिहून ठेवा. हरीण उभं होतं ती जागा आणि शेवटचं दिसलं ती जागा, दोन्हींसाठी एकेक ठळक खूण ठरवा: वाकडं ओक, पडलेला ओंडका, कुंपणाचा खांब. आणि स्टँडवरूनच फोनने त्या दिशेचा फोटो काढा. खाली उतरल्यावर जंगल वेगळंच दिसतं आणि वरून ‘अगदी तिथेच’ वाटलेली जागा वीस यार्ड सरकते. फोटो नसेल तर याच टप्प्यावर शोध भरकटतो.

हरणाच्या वागण्यावरून अंदाज येतो, खात्री नाही. मागचे पाय झाडून खाली दबत सुसाट गेलं तर बहुधा छाती. पाठीला कुबड काढून, शेपूट पायांत घालून, चार पावलं पळून मग चालू लागलं तर बहुधा पोट. शेपूट उंच पांढरी फडकवत गेलं म्हणजे चुकलंच, असं समजू नका.

अर्धा तास झाल्याशिवाय उतरू नका. पोटात लागल्याची शंका असेल किंवा हरीण नजरेच्या टप्प्यात बसलेलं दिसत असेल, तर जागेवरच थांबा आणि नंतर उलट्या दिशेने, आवाज न करता निघून जा.

बाण वाचणं

बाण आरपार गेला असेल तर हरीण उभं होतं त्याच्या पलीकडे जमिनीत सापडतो. पानांखाली सरपटत गेला असेल तर नॉक, म्हणजे प्रत्यंचेत बसणारं मागचं टोक, तेवढी दिसते. चमकणारी लाइटेड नॉक लावली असेल तर हे काम सोपं. बाण हाती आला की पुसू नका. दांड्यावर बोट फिरवा, पिसांत काय अडकलंय बघा (रक्त आणि केस तिथे सर्वांत जास्त अडकतात) आणि नाकाशी धरा.

गुलाबी-लाल, बारीक बुडबुड्यांचं फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. पण बुडबुडे एखाद-दुसरेच असतील तर हुरळू नका, स्नायूतल्या जखमेचं रक्त उंचावरून पानावर पडलं तरी बुडबुडा येतो. लखलखीत लाल आणि भरपूर रक्त हृदयाचं असू शकतं, किंवा मोठ्या स्नायूचंही. स्नायूचं सुरुवातीला भरपूर सांडतं आणि मग कमी कमी होत जातं. गडद, काळपट लाल म्हणजे यकृत, आपल्या भाषेत कलेजी. हिरवट-तपकिरी चिकट थर, चघळलेल्या गवताचे कण आणि न धुतलेल्या वजडीला येतो तो वास, म्हणजे बाण कोठ्यातून किंवा आतड्यांतून गेला. रक्त लाल दिसत असलं तरी वास आला की पोटच धरा. बाणावर पांढरी चरबी लेपटलेली असेल तर पाठीच्या वरचा भाग किंवा छातीच्या खालची कड, म्हणजे बहुतेकदा जीवघेणी नसलेली जखम.

केसही सांगतात. पांढरे, जाड केस पोटाखालचे. करडे-तपकिरी, टोकाला गडद असलेले बरगडीवरचे. आखूड, बारीक केस पायाचे. जमिनीवर केसांचा गठ्ठाच पडलेला असेल तर पात्याने कातडी तासली आहे, आत फार काही झालेलं नाही. हाडाचे तुकडे आणि त्यात मज्जा दिसली तर पाय.

एका समजुतीबद्दल सांगायला हवं. मणक्याखाली आणि फुप्फुसांच्या वर रिकामी पोकळी असते आणि तिथून गेलेल्या बाणाने काहीच होत नाही, असं खूप जण सांगतात. अशी पोकळी नसते. फुप्फुसं मणक्याच्या खालच्या बाजूला भिडलेली असतात. जे हरीण अशा बाणातून वाचतं, त्याला तो मणक्याच्या वर, पाठीच्या मांसात लागलेला असतो.

किती थांबायचं

दोन्ही फुप्फुसं किंवा हृदय असेल तर तीस मिनिटं पुरे. हरीण बहुतेकदा त्याआधीच गेलेलं असतं, थांबणं तुमच्या हातांचा थरकाप उतरण्यासाठीही आहे.

यकृतासाठी किमान चार तास, सहा उत्तम. एकच फुप्फुस असल्याची शंका असेल तर तेवढेच किंवा जास्त, आणि शक्य असेल तर थेट माग काढणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्याला बोलवा. एका फुप्फुसाच्या जखमेइतकी दमवणारी जखम दुसरी नाही.

पोट असेल तर आठ ते बारा तास. संध्याकाळचा बाण असेल तर सरळ सकाळी. पोटात लागलेलं हरीण न छेडलं तर साधारण दोन-तीनशे यार्डांत, दाट झाडीत, बऱ्याचदा पाण्याजवळ बसतं आणि तिथेच मरतं. छेडलं तर त्या मापाला अर्थ राहत नाही.

स्नायूत लागलेलं हरीण चालतं ठेवावं, म्हणजे जखम वाहती राहते, असा एक जुना पंथ आहे. बाण आणि केस बघून जखम नक्की स्नायूचीच आहे असं सांगता येणाऱ्याने तसं करावं. नवशिक्याला ते सांगता येत नाही, म्हणून त्याने तीन-चार तास थांबलेलं बरं. काय लागलं हेच कळत नसेल तर पोटाचा हिशोब धरा.

इथे दोन अडचणी येतात. पहिली उकाडा. न्यू जर्सीच्या काही झोनमध्ये धनुष्याचा हंगाम सप्टेंबरातच सुरू होतो आणि तेव्हा रात्रीही ५० फॅरेनहाइटच्या (१० सेल्सिअसच्या) वर असतात. एवढ्या उबेत रात्रभर पडलेलं मांस बिघडू शकतं. तरीही पोटाच्या जखमेला घाई करू नये. लवकर गेल्याने मांस वाचत नाही, हरीण मात्र हरवतं. फार तर आठ तासांनी, रात्रीच, दोघांनी शांतपणे जावं. दुसरी अडचण पाऊस. रक्त धुऊन जाईल या भीतीने लोक धावतात. पोटाच्या जखमेत तसंही रक्त नावालाच सांडतं, तेव्हा पावसाने फार काही नेलं असं होत नाही. छातीची खात्री असेल तर मात्र पाऊस येण्याआधी निघा.

माग

दोघं, फार तर तिघं. सगळी मित्रमंडळी गोळा केली की रक्त बुटांखाली जातं. एकाने शेवटच्या रक्ताच्या ठिपक्यावर उभं राहायचं, दुसऱ्याने पुढचा शोधायचा, तो सापडल्याशिवाय पहिल्याने जागा सोडायची नाही. मागाच्या बाजूने चाला, मागावरून नव्हे. दर काही पावलांवर टॉयलेट पेपरचा तुकडा फांदीला अडकवा. रंगीत टेपपेक्षा तो बरा, पावसात आपोआप विरघळतो. मागे वळून पाहिलं की तुकड्यांची रांग हरणाची दिशा दाखवते.

फक्त जमिनीकडे बघू नका. बाण उंचावर लागला असेल तर रक्त गवताच्या पात्यांवर, झुडपांच्या पानांवर, खोडांवर मांडीच्या उंचीला घासलेलं असतं. दोन्ही बाजूंना असेल तर बाण आरपार गेला. गोल, चारी बाजूंनी शिंतोडे उडालेला ठिपका म्हणजे हरीण उभं होतं किंवा सावकाश चालत होतं. लांबट ठिपक्याची शेपटी हरणाच्या जाण्याच्या दिशेला असते. ऑक्टोबरात मेपलच्या पानांवरचे लाल डाग फसवतात. हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी फवारणीची बाटली सोबत ठेवा, रक्तावर पडलं की फेस येतो, पानाच्या डागावर येत नाही.

वाटेत हरीण बसलेली जागा दिसली आणि तिथलं रक्त ओलं, ताजं असेल, तर तुम्ही त्याला नुकतंच उठवलं आहे. तिथेच थांबा, खूण करा, गुपचूप परत फिरा आणि आणखी चार-सहा तास द्या.

रक्त संपलं तर शेवटच्या ठिपक्यावर ठळक खूण करा. आधी हरणांच्या रुळलेल्या वाटा, कुंपण ओलांडायच्या जागा, ओढ्याचे काठ तपासा. तिथे खुरांचे खोल, फाकलेले ठसे आणि उलटी झालेली पानं दिसतात. त्यातून काही निघालं नाही तर ओळीने शोध: पाच-सात यार्डांच्या अंतराने एकाच दिशेने चालायचं, वळायचं, परत यायचं. फोनवरच्या नकाशाच्या ॲपमध्ये माग नोंदवणं चालू ठेवा, म्हणजे कोणता तुकडा राहिला ते कळतं. दाट झाडी आणि पाणी आधी. आणि हरीण सरळ पुढेच गेलं असेल असं धरू नका, बऱ्याचदा ते वळून आल्या वाटेकडे येतं.

कुत्रा कधी बोलवायचा

सगळं तुडवून झाल्यावर नव्हे. यकृत, पोट किंवा एका फुप्फुसाची शंका आली त्याच क्षणी फोन करा. प्रशिक्षित कुत्रा रक्तापेक्षा त्या एका हरणाच्या खुरांमधल्या ग्रंथींच्या वासावर चालतो, म्हणून रक्त नसलं तरी आणि दुसऱ्या दिवशीही त्याला माग लागतो. तुमच्या बुटांनी तोच वास जंगलभर पसरला असेल तर त्याचं काम अवघड होतं. युनायटेड ब्लड ट्रॅकर्स या संस्थेकडे राज्यवार यादी असते. न्यूयॉर्कसारख्या राज्यात यासाठी वेगळा परवाना लागतो आणि कुत्रा दोरीने बांधलेलाच हवा, तुमच्या राज्यात काय आहे ते हंगामाआधी बघून दोन-तीन नंबर फोनमध्ये ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या शनिवारी हे लोक दिवसभर रानात असतात. फोनवर त्यांना वेळ, बाणाचा फोटो, किती दूर गेलात आणि किती जण फिरले ते खरं सांगा. ‘बघू, थोडं पुढे गेलो होतो’ म्हणजे अर्धा मैल, हे त्यांना ठाऊक असतं. उष्णता टिपणारे ड्रोन काही राज्यांत चालतात, काहींत बेकायदा आहेत. विचारल्याशिवाय उडवू नका.

दुसऱ्याच्या अंगणात गेलं तर

न्यू जर्सीत उंचावर बसून खाली बाण सोडायचा असेल तर घरांपासून १५० फुटांपर्यंत जाता येतं. त्यामुळे हरीण कुणाच्या तरी लॉनवर जाऊन पडणं अगदी नेहमीचं. हद्द ओलांडण्याआधी परवानगी, आणि ती बोलून घ्यायची. धनुष्य गाडीत ठेवा, रक्ताळलेले हातमोजे काढा, चेहऱ्यावरचा रंग पुसा आणि मग दार वाजवा. हरीण कुठे गेलंय, किती वेळ लागेल आणि आतडी त्यांच्या जागेत काढून ठेवणार नाही, एवढं सांगितलं तर बहुतेक लोक हो म्हणतात. नाही म्हणाले तर वाद घालू नका, राज्याच्या वन्यजीव अधिकाऱ्याला फोन करा. हंगाम सुरू होण्याआधीच शेजारच्या जमीनमालकांना भेटून ठेवलं असेल तर हा प्रसंग पाच मिनिटांत मिटतो.

सापडल्यावर

मागून जा. थोडं लांब थांबून पोटाची हालचाल बघा. मेलेल्या हरणाचे डोळे बहुतेकदा उघडे असतात. मिटलेले असतील तर ते जिवंत आहे असं समजा. लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा, पापणी हलली नाही तर गेलं. जिवंत असेल आणि शिकारीची वेळ असेल तर छातीत आणखी एक बाण. सुरी घेऊन गळ्याशी जाऊ नका, खूर आणि शिंगांनी माणसं जखमी होतात. रात्री बाण सोडायला बऱ्याच राज्यांत बंदी आहे, त्यामुळे तेव्हा मागे सरकणं किंवा अधिकाऱ्याला विचारणं हेच दोन मार्ग.

उशिरा सापडलं असेल तर मांसाची परीक्षा मागच्या मांडीत, हाडाजवळ होते. तिथून बिघाड सुरू होतो. सुरी हाडापर्यंत घालून वास घ्या. आंबूस आला तर तो भाग नको. पोटातून बाण गेला असेल तर हिरवा डाग लागलेलं मांस पुसत बसण्यापेक्षा कापून टाका आणि पोटाच्या पोकळीत मणक्याखाली असतात त्या दोन नाजूक पट्ट्या सोडून द्या. उरलेलं लगेच बर्फात. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत हरणांचा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा रोग आढळलेला आहे. तिथून डोकं आणि मणका राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत.

सापडलं नाही तर

बऱ्याच राज्यांच्या कायद्यात जखमी जनावर शोधण्याचा योग्य तो प्रयत्न करणं बंधनकारक आहे. पोट किंवा यकृत असेल तर दुसरा पूर्ण दिवस शोधात घालवा. स्नायूची जखम असेल आणि तीन-चारशे यार्डांत रक्त आटून पुढे काहीच मिळत नसेल, तर हरीण बहुधा जगेल. पाठीच्या किंवा मांडीच्या जखमा भरून आलेली हरणं नंतर ट्रेल कॅमेऱ्यात (जंगलात लावून ठेवलेल्या आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यात) चरताना दिसतात. पुढचे दोन-तीन दिवस सकाळी कावळ्यांचा कालवा आणि आकाशातल्या गिधाडांच्या घिरट्या बघा, मांस गेलं असलं तरी बाण कुठे लागला होता ते कळतं. जमीनमालकाला सांगून ठेवा, त्याच्या कुत्र्याने आधी शोधून काढलं तर विश्वास जातो.

न सापडलेलं हरीण परवान्यावर मोजायचं की नाही हे बहुतेक राज्यांत तुमच्यावर असतं. जखम जीवघेणी होती अशी खात्री असेल तर ते मोजावं आणि त्या हंगामात त्या टॅगवर (एका हरणापुरत्या परवान्याच्या चिठ्ठीवर) दुसरं मारू नये, असं आमचं मत.

पुन्हा स्टँडवर चढण्याआधी शिकारीचेच ब्रॉडहेड लावून २० यार्डांवर पाच-सहा बाण मारा, सरावाचे टोकदार नव्हेत. दोन्हींचा गट एकाच जागी पडत नसेल तर आधी रेस्ट, म्हणजे धनुष्यावर बाण टेकतो तो आधार, जुळवून घ्या. हरणाला बाण मागे लागला त्याचं कारण कधी कधी तिथेच सापडतं.